राणीच्या बागेतील झाडे



भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली लोकांस खुली झाली; आजचे तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. चंदगडची मुले सहलीस गेली की प्राण्यांच्या पिंजऱ्यांकडेच धावणार, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु आफ्रिकेची गोरखचिंच व ब्रह्मदेशाची उर्वशी यांपाशी त्यांना थोडे थांबवावे. गोरखचिंचेच्या खोडास कवळ घालण्यास किती मुले लागतील, याचा अंदाज त्यांनीच करावा. मग विचारावे, आपल्या बांधावरचा काजू कोठला? तोही परकाच, पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला! उलट आपल्या सह्याद्रीची कंदीलपुष्पे दुर्मिळ होत चालली आहेत. त्यांचे कंद लोक खणून खातात. कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात ती जपलेली आहेत. मुंबई न साधल्यास पूर्वपरवानगी घेऊन वर्गाने प्रथम तेथेच जावे.