कीर्द, खतावणी आणि सुटे कागद



जयपूर शहराच्या आग्नेय अंगाला जगतपुरा नावाचे उपनगर आहे. नोकरीच्या निमित्ताने माझे बिऱ्हाड सध्या तेथे आहे. मकराण्याचा संगमरवर आणि कोट्याची फरशी विकणारे एक गृहस्थ माझे शेजारी. गतवर्षी त्यांनी दुकानाचा सारा हिशेब संगणकावर चढविला. वर्षअखेरीस ताळा जुळेना आणि संशय जुन्या मुनिमावर गेला. तेव्हा ते कागदांची चळत घेऊन माझ्याकडे आले. सरकारी नोकराला हिशेबातले सारे कळते, असा एक गोड गैरसमज समाजात रूढ आहे.

चोरी कोठेच नव्हती. दोष मांडणीत होता. संगणक जाणणाऱ्या एका तरुणाने त्यांच्यासाठी दस्तऐवजी पद्धतीचा डेटाबेस निवडला होता. त्यात प्रत्येक बिल हा स्वयंपूर्ण कागद. गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, माल, दर, सारे त्याच्यावरच. उभारण्यास सोपे, वाचण्यास जलद. परंतु उधारीवर माल नेणाऱ्या एका मिस्त्रीचे नाव प्रत्येक बिलावर नव्याने लिहिले गेले आणि ते तीन तऱ्हांनी लिहिले गेले. त्याची बाकी विचारली, की यंत्र तीन इसमांच्या तीन बाक्या सांगे! साठ्याचे प्रकरण याहून अवघड. बिल एका कागदावर, शिल्लक माल दुसऱ्यावर. पहिली नोंद झाली आणि दुसरीपूर्वी वीज गेली, तर फरशी विकलीही जाई आणि गोदामात उरेही.

वडिलांच्या लाल कापडी बहीत असे घडत नसे, असे शेजारी म्हणाले. ते खरेच आहे. आपल्याकडील कीर्द-खतावणीतही एकाकडे जमा केले, की दुसऱ्याकडे नावे टाकावेच लागते. आयबीएममधील एडगर कॉड यांनी 1970 साली संबंधाधिष्ठित डेटाबेसची कल्पना मांडली. तीत मिस्त्रीची नोंद एकदाच होते, बिलावर असतो तो तिचा हवाला. व्यवहार पुरता होईल, नाही तर मुळीच होणार नाही, या हमीचा पाया जिम ग्रे यांनी घातला. त्यांना 1998 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

दस्तऐवजी पद्धत सर्वथा त्याज्य, असे मात्र मी म्हणणार नाही. नमुन्यांच्या सूचीत दगडागणिक निराळी माहिती असते; तेथे ती उत्तम. विक्रीच्या दिवशीचा दरही बिलावरच उतरवून ठेवावा; आज भाव चढला म्हणून कालचे बिल बदलता कामा नये. शिवाय मोंगोडीबीसारख्या डेटाबेसमध्ये 2018 पासून अनेक कागदांवरील नोंदी एकाच व्यवहारात बांधता येतात. मात्र तसे सांगावे लागते. येथे कोणी सांगितले नव्हते.

नवी मांडणी करण्यात तीन आठवडे गेले. मिस्त्रीच्या तीन खात्यांपैकी दोन एकत्र झाली. तिसरे त्याच नावाच्या निराळ्याच माणसाचे निघाले. साठ्यातली तूटही सापडली. शेजारी मुनीमजींच्या घरी दोनदा जाऊन आले आहेत. मुनीमजी अद्याप दुकानात परतलेले नाहीत.