बधिर पायातील आग

वऱ्हाड-नागपूरच्या भूमीत कुष्ठसेवेची परंपरा जुनी आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली कुष्ठधाम उभारले, अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन वसविले; १९४९ साली बाबा आमट्यांनी वरोऱ्याची महारोगी सेवा समिती स्थापिली. पुढे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डॅप्सोन, रिफाम्पिसिन व क्लोफाझिमिन या औषधांची संयुक्त योजना सुचविली आणि सहा महिन्यांत किंवा वर्षभरात रोगजंतूंचा बंदोबस्त होऊ लागला.

परंतु जंतू गेले तरी कित्येकांची वेदना जात नाही. ज्या पायास विस्तवाचा चटका कळत नाही, तोच पाय रात्री भाजून निघतो! घरच्या मंडळींस हे ढोंग वाटते. ते ढोंग नव्हे. दुखावलेला मज्जातंतू बाहेरची वार्ता आत पोचवीत नाही, मात्र स्वतःच खोटी हाकाटी करीत राहतो. मधुमेह्याच्या तळपायांची आगही याच जातीची असल्यामुळे हा प्रश्न सीताबर्डी-धरमपेठेतील सुखवस्तू घरांचाही आहे.

अशा दुखण्यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. त्यांच्या अतिरेकाने जठर व मूत्रपिंड मात्र बिघडतात. येथे उपयोगी पडतात ती औषधे मुळात निराळ्या रोगांची: अमिट्रिप्टिलीन हे विषण्णतेवरचे, तर गॅबापेंटिन अपस्मारावरचे. ही माहिती कळताच रोगी दचकतो आणि आपणांस वेडा ठरविले असे समजून पुडी कोनाड्यात ठेवतो. वैद्यांनी दोन वाक्ये आधी बोलावीत, म्हणजे अर्धे काम होईल.

मात्रा अल्प असते व सावकाश वाढविली जाते. अमिट्रिप्टिलीन बहुधा रात्री देतात. त्याने तोंड कोरडे पडते, वृद्धांस लघवी अडते. दोहोंनीही गुंगी येते. गुण दिसण्यास काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत कंटाळणे चूक, आणि बरे वाटताच आपल्या मनाने एकाएकी बंद करणेही चूक. वेदना निम्मी झाली तरी औषध लागू पडले असे मानतात. हे थोडे वाटेल; पण निम्म्या वेदनेत झोप लागते.

एक प्रसंग मात्र निराळा. कुष्ठरोग बरा झालेल्या मनुष्याच्या कोपराची शीर नव्याने दुखू लागली, दाबताच कळ आली, किंवा हातातून पेला निसटू लागला, तर ती शिरेची दाहक प्रतिक्रिया असू शकते. तेथे वरील गोळ्यांनी दुखणे केवळ झाकले जाईल. तेव्हा वैद्यांच्या देखरेखीखाली प्रेडनिसोलोन त्वरित सुरू व्हावे लागते. सहा महिने उलटून गेल्यास हाताची गेलेली शक्ती परत येण्याची आशा फारच थोडी राहते.