मैदानाचे पंचांग



वसंत व्याख्यानमालेत मोठ्या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात या प्रथेचा पाया घातला, तेव्हापासून राजकारण, धर्म, अर्थशास्त्र, साहित्य असे भारदस्त विषय या व्यासपीठांवर येत राहिले. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदी लहान आहे. तो धुळीचा विषय आहे. येथून चालत दहा मिनिटांवर शिवाजी पार्कचे मैदान आहे. त्या मैदानावरची धूळ आणि त्या मैदानाची सुधारणा, एवढ्यापुरतेच आम्ही बोलणार आहोत. परंतु सार्वजनिक जागेची निगा समाजाला कशी राखता येते, किंवा का राखता येत नाही, हा प्रश्न त्या धुळीत दडलेला आहे, आणि तो काही लहान नाही.

प्रथम मैदानाचा थोडा इतिहास. मुंबई महानगरपालिकेने हे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले केले. त्या वेळी त्याचे नाव माहीम पार्क असे होते. १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. क्षेत्रफळ सुमारे २८ एकर. येथे क्रिकेटच्या कित्येक पिढ्या तयार झाल्या. समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब घुमला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांच्या सभा येथे गाजल्या. १९६६ सालापासून दसरा मेळाव्याशी या जागेचे नाव जोडले गेले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करण्यासाठी देशभरातून जे लाखो लोक येतात, त्यांना याच मैदानाचा आसरा असतो. आणि भोवतालचा कट्टा! त्यावर बसून कोणी राज्ये उलथली, कोणी लग्ने जुळवली, कोणी नुसतेच शेंगदाणे खाल्ले. अशी ही जागा आहे. तिला बाग म्हणावे तर बाग नव्हे, आणि नुसते क्रीडांगण म्हणावे तर तेही पुरे पडत नाही.

आता धुळीकडे येऊ. पावसाळ्यात मैदान चिखलाचे असते, म्हणून धुळीची तक्रार नसते. दिवाळी उलटली की माती सुकू लागते. मार्गशीर्ष-पौषात सकाळची हवा थंड आणि जड असते. उडालेली धूळ वर न जाता जमिनीलगत तरंगत राहते. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला म्हणजे तीच धूळ पूर्वेकडच्या घरांत शिरते. खिडकीच्या गजांवर, देवघरातल्या निरांजनावर, वाळत घातलेल्या धोतरावर तांबूस थर बसतो. गृहिणी दिवसातून तीनदा फडके मारते आणि तिसऱ्यांदा ते फडके तितकेच तांबडे निघते. हा झाला डोळ्यांना दिसणारा त्रास. न दिसणारा त्रास याहून वाईट. धुळीचे जे कण केसाच्या जाडीहूनही कितीतरी बारीक असतात, ते नाकात न अडकता श्वासनलिकेत उतरतात. दम्याच्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

ही माती आली कोठून? येथे आम्हांस एक गंमत वाटते. ती वाऱ्याने आणलेली नाही; आपणच ती गाड्या भरभरून आणली. पावसाळ्यानंतर मैदानात खड्डे पडतात, खेळणाऱ्यांचे पाय मुरगळतात, सभेसाठी जमीन सारखी करावी लागते. मग तांबडी माती पसरून मैदान समतल करायचे, ही जुनी रीत आहे. तांबडी माती वाईट नव्हे. ओली करून, रूळ फिरवून घट्ट बसवली तर तिची खेळपट्टी उत्तम होते. पण जे बावीस यार्डांना मानवते, ते २८ एकरांना मानवत नाही. खेळपट्टीबाहेर पसरलेली माती ना धड दाबलेली असते, ना गवताने धरलेली. हजारो पावलांखाली तिचे पीठ होते आणि वारा ते पीठ उचलतो. म्हणजे ज्या गोष्टीला आपण सुधारणा म्हणत आलो, तिचीच तक्रार आज करीत आहोत.

पालिकेने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. टँकरने पाणी मारले गेले. २०२१-२२ च्या सुमारास पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्यासाठी मैदानात विहिरींची योजना झाली आणि त्या पाण्यावर हिरवळ वाढवण्यासाठी तुषारसिंचन बसवण्यात आले. तरीही धूळ पुरती हटली नाही. पुढे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्यात लक्ष घालावे लागले आणि आयआयटीच्या तज्ज्ञांपर्यंत प्रश्न गेला. योजना चांगली असूनही फळ अपुरे का, याचा शांतपणे विचार केला पाहिजे.

थोडा हिशेब करू. तो कोणालाही करता येण्यासारखा आहे. २८ एकर म्हणजे सुमारे १ लाख १३ हजार चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाण्याचा थर द्यायचा म्हटले तरी १ लाख १३ हजार लिटर पाणी लागते. उन्हाळ्याच्या दिवसांत हिरवळ रोज चार-पाच मिलिमीटर पाणी पिते. पाच मिलिमीटर धरले तर रोजचे साडेपाच लाख लिटरांहून अधिक झाले. दहा हजार लिटरांचा टँकर धरला तर रोज छप्पन्न टँकर! यावरून टँकरने मारलेले पाणी म्हणजे फक्त सांत्वन आहे, हे ध्यानात येईल. वरचा पापुद्रा क्षणभर भिजतो, तासाभरात सुकतो, पहिल्या धावत्या पावलाने फुटतो, आणि धूळ पुन्हा मोकळी होते.

दुसऱ्या बाजूने पाहा. मुंबईत वर्षाला सुमारे २२०० मिलिमीटर पाऊस पडतो. या एका मैदानावर जवळजवळ २५ कोटी लिटर पाणी आकाशातून फुकट येते. त्यातला बहुतेक भाग चार महिन्यांत येतो आणि गटारांतून समुद्राला मिळतो. म्हणून पाणी मुरवण्याची कल्पना योग्यच आहे. मात्र त्यात दोन अडचणी आहेत. एक अशी की वर्षभर तुडवून दगडासारखी झालेली जमीन पाणी आत घेत नाही. विहीर कितीही चांगली असली तरी तिच्या तोंडापर्यंत पाणी पोहोचले पाहिजे. दुसरी अशी की समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. किनाऱ्यालगत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर साईसारखे तरंगत असते. साय जितकी तितकीच काढावी. अधिक उपसा केला तर खालचे खारे पाणी वर चढते आणि ज्या हिरवळीसाठी उपसा केला तिचीच मुळे करपतात.

राहता राहिले गवत. आपल्याकडे हरळी म्हणून जे गवत आहे, ज्याच्या दूर्वा आपण गणपतीला वाहतो, ते या कामाला फार चांगले. ते जमिनीवर सरपटत धावते, पेरापेराशी मूळ धरते, ऊन सोसते, तुडवणेही बऱ्यापैकी सोसते. त्या मुळांच्या जाळ्यात माती बांधली जाते. पण हरळीला एक गोष्ट लागते, ती म्हणजे विसावा. लावल्यापासून काही आठवडे तिच्यावर पाय पडता कामा नये. आणि नेमके तेच आपण कधी देत नाही. पाणी विकत घेता येते, माती विकत घेता येते, यंत्रे विकत घेता येतात. विसावा विकत मिळत नाही. तो सगळ्यांनी मिळून कबूल करावा लागतो. आमच्या मते दुखणे येथे आहे.

म्हणून आमची सूचना अशी की या मैदानाचे एक पंचांग असावे. चैत्र-वैशाखात मुलांना सुटी असते, खेळ भरात असतो. त्या वेळी मैदान मुलांचेच. त्यात लुडबूड करू नये. गटारे व विहिरींची तोंडे साफ करणे, मातीची परीक्षा करणे, एवढीच कामे काढावीत. ज्येष्ठाच्या आरंभी, पाऊस तोंडावर असता, मैदानाचा एक भाग दोरी लावून वेगळा करावा, कठीण झालेली जमीन सैल करावी, सुटी तांबडी माती काढावी आणि पहिल्या सरींबरोबर हरळी लावावी. आषाढ-श्रावणात निसर्गच माळी होतो. येथे क्रिकेटप्रेमी आम्हांस अडवतील, कारण भर पावसात खेळली जाणारी स्पर्धा म्हणून १९४८ सालापासून चालत आलेली कांगा लीग मुंबईचे भूषण आहे. ते आम्हांस मान्य आहे. म्हणूनच आम्ही सगळे मैदान मागत नाही, चौथा हिस्सा मागतो. या वर्षी एक चतुर्थांश, पुढच्या वर्षी दुसरा. चार वर्षांत मैदानाची एक प्रदक्षिणा पुरी होईल. शेतकरी जमीन पडीक टाकतो तेव्हा तो तिला विसरत नाही, तिला दम घेऊ देतो.

आश्विनात सभा-मेळाव्यांचे दिवस येतात, बंगाली मंडळींचा दुर्गोत्सव येतो. २०१० साली उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला आणि पुढे खेळाव्यतिरिक्त समारंभांसाठी वर्षातले ठराविक दिवसच देण्याची व्यवस्था आली. त्या व्यवस्थेत एका कलमाची भर पडावी असे आम्हांस वाटते: ज्याने खांबासाठी खड्डा खणला त्याने तो त्याच मातीने भरून, दाबून, पाणी घालून जागा पूर्ववत करून द्यावी. लग्नघरी मांडव काढल्यावर अंगण सारवतात; तो संस्कार सार्वजनिक अंगणालाही असावा. मग मार्गशीर्ष-पौष, धुळीचे दिवस. त्या काळात नवी माती टाकू नये, आणि जेथे गवत टिकले आहे तेथे पहाटे थोडे पण नेमाने पाणी द्यावे.

येथे एक शंका निघेल. कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? कुंपण घाला, फाटकाला कुलूप लावा, रहिवाशांना ओळखपत्रे द्या. हिरवळ आपोआप येईल. या शहरातच ओव्हल मैदानाचे उदाहरण आहे. १९९० च्या दशकात तेथील रहिवाशांनी न्यायालयापर्यंत जाऊन ते मैदान दुरवस्थेतून वर काढले. त्याला कुंपण आहे आणि आज ते पाहून डोळे निवतात. त्या रहिवाशांच्या चिकाटीला आमचा नमस्कार आहे. परंतु शिवाजी पार्कला ती वाट आहे तशी लागू पडणार नाही. हे मैदान कट्ट्याने वेढलेले आहे, आणि कट्टा ही भिंत नव्हे, ती बैठक आहे. लांबच्या उपनगरातून पहाटेच्या गाडीने बॅटची पिशवी घेऊन येणारा मुलगा या मैदानाचा रहिवासी नाही, पण वारस आहे. विदर्भ-मराठवाड्यातून ६ डिसेंबरला येऊन येथे रात्र काढणारी वृद्धा रहिवासी नाही, पण या जागेवर तिचा अधिकार आमच्याइतकाच आहे. धुळीचा त्रास रहिवाशांना अधिक होतो, म्हणून तक्रारीचा हक्क त्यांना अधिक आहे. मालकीचा हक्क मात्र अधिक नाही. धूळ घालवण्याच्या निमित्ताने माणसे घालवली, तर तिला सुधारणा म्हणता येणार नाही.

म्हणून पंचांग हवे आणि ते सर्वांना ठाऊक हवे. कट्ट्यालगत चार बाजूंना चार साधे फलक असावेत. दर ऋतूच्या आरंभी त्यांवर सोप्या मराठीत लिहावे: मैदानाचा कोणता भाग विसाव्याला आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत, विहिरींना पाणी किती आहे, या ऋतूत कोणते काम झाले, कोणते राहिले आणि का राहिले. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. काम राहिले याचा लोकांना तितका राग येत नाही. कोणी सांगत नाही याचा येतो. आणि ज्या मुलाला दोरी का लावली हे कळले, तो दोरी ओलांडत नाही, असा आमचा अनुभव आहे. ज्याला कळले नाही तो ओलांडतो, आणि त्यात त्याचा फारसा दोषही नसतो.

आपल्याकडे सार्वजनिक कामाचे उद्‌घाटन होते, पण निगेचे उद्‌घाटन होत नाही. कारंजे सुरू झाले की छायाचित्र निघते. रोज पहाटे नळी धरून उभ्या राहणाऱ्या माळ्याचे निघत नाही. जोवर आपली नजर कारंज्यावर आहे, तोवर पालिकाही कारंजेच देणार. ज्या दिवशी नागरिक आपल्या प्रतिनिधीला 'यंदा नवे काय करणार?' असे न विचारता 'गेल्या वर्षी लावलेली हरळी किती टिकली?' असे विचारतील, त्या दिवसापासून मैदान सुधारू लागेल.

हे मैदान लोकांसाठी खुले झाले त्याला २०२५ साली शंभर वर्षे पूर्ण झाली. शंभर वर्षे ते आपल्या पायांखाली आहे. त्याने आपले खेळ सोसले, सभा सोसल्या, जयजयकार सोसले. आता आलटून पालटून त्याचा एक चतुर्थांश भाग पावसाळ्यापुरता मोकळा सोडावा, एवढेच आम्ही आपल्याजवळ मागत आहोत. यंदाचा पाऊस फार दूर नाही. तो येण्यापूर्वी आपण ही गोष्ट मनावर घ्यावी, अशी विनंती करून आम्ही आमचे भाषण पुरे करतो.