आकाशातले नऊ तास



आपल्या समाजातील मुले-मुली आता उच्च शिक्षणासाठी दूरदेशी जाऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मुंबईहून लंडनला विमानाने नऊ-दहा तास लागतात. न्यूयॉर्कला थेट गेल्यास पंधरा-सोळा. या तासांचे आपण काय करतो, याविषयी मी दोन शब्द बोलणार आहे.

प्रथम माझीच चूक सांगतो. माझे वडील मालवाहू जहाजावर खलाशी होते. शिक्षण चौथीपर्यंत. चार तासांची पाळी संपली की उरलेल्या वेळात ते इंजिनखोलीतल्या पाट्यांवरची इंग्रजी अक्षरे वहीत उतरवून घेत. असेच ते इंग्रजी वाचायला शिकले. आणि मी बी. ए., बी. एड.! उन्हाळ्याच्या सुट्टीत बहिणीकडे लंडनला निघालो, तेव्हा सोबत विद्यार्थ्यांच्या निबंधाच्या वह्या होत्या. त्या वरच्या कप्प्यातच राहिल्या. समोरच्या पडद्यावर मी चित्रपट बदलत बसलो. एकही पुरा पाहिला नाही. बहिणीला हे सांगताच ती एवढेच म्हणाली, "भाई, अब्बांची ती वही तुझ्याकडेच आहे ना?" मी मान खाली घातली.

मित्रहो, १९२१ साली इंग्लंडहून बोटीने परतताना सी. व्ही. रामन यांनी भूमध्य समुद्राचा निळा रंग एका साध्या प्रिझममधून न्याहाळला. तो रंग केवळ आकाशाचे प्रतिबिंब नव्हे, हे त्यांनी ओळखले. १९३० साली त्यांचे पुतणे चंद्रशेखर एकोणिसाव्या वर्षी केंब्रिजला निघाले. त्यांनी बोटीवरच ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या मर्यादेचे गणित मांडले. दोघांनाही पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांची बुद्धी आपल्याला लाभेलच असे नाही. पण निघताना एखादा प्रश्न बरोबर घेणे आपल्या हाती आहे.

मात्र शरीराकडे दुर्लक्ष करू नका. विमानातील हवा कोरडी असते आणि तिचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तसा असतो. म्हणून माणूस लवकर थकतो. पाणी पीत राहा. फार वेळ एका जागी बसल्यास पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. अधूनमधून उठून चाला. डोक्याचे काम सुरुवातीच्या दोन-तीन तासांत उरका. पुढे, जिथे उतरायचे तिथे रात्र असेल तेव्हा झोपा. झोप म्हणजे वेळेचा अपव्यय नव्हे. शेवटच्या तासात कागदपत्रे आणि मुक्कामाचा पत्ता पुन्हा पाहून ठेवा. वाचायचे ते घरूनच घ्या. विमानात इंटरनेट मिळेलच असे नाही.

परतीच्या प्रवासात मी तेवीस वह्या तपासल्या, आणि झोपही झाली.

पालकांनो, मुलाच्या सामानात लोणच्याची बरणी जरूर ठेवा. तिच्या शेजारी एक कोरी वहीही ठेवा.