बारशाचें नांव आणि खरें काम

बारशाला आपण मुलाचें नांव ठेवतों तें त्याचे गुण कळण्यापूर्वीं. शास्त्रज्ञांचेंहि पुष्कळदां तसेंच होतें. आज अशाच एका जनुकाची हकीकत सांगणार आहें.

१९९३ सालीं अमेरिकन संशोधकांना मोठ्या आंतड्याच्या अस्तरांत एक जनुक आढळलें. निरोगी अस्तरांत तें जोमानें काम करीत होतें. परंतु अ‍ॅडिनोमा नांवाच्या, पुढें कर्करोगांत परिणत होऊं शकणाऱ्या गांठींत, आणि प्रत्यक्ष कर्करोगांतहि, तें मंदावलेलें दिसलें. तेव्हां ‘अ‍ॅडिनोमांत मंदावलेलें’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन त्याचें नांव ‘डीआरए’ ठेवलें गेलें. हें जनुक पेशींच्या बेसुमार वाढीला लगाम घालीत असावें, असा तर्कहि साहजिकच निघाला.

आतां थोडें मागें जाऊं. १९४५ सालीं अमेरिकेंतच डॉक्टरांनीं एका चमत्कारिक बालरोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. मुलाला जन्मापासून जुलाब होतात, आणि तेहि इतके पातळ कीं आईला तें मूत्रच वाटावें. सामान्य जुलाबांत रक्त आम्लतेकडे झुकतें. येथें तें उलट अल्कधर्मी होतें. मळांत क्लोराइडाचा, म्हणजे मिठाच्या एका घटकाचा, नुसता पूर असतो. वेळीं ओळखलें नाहीं तर तें अर्भक हातचें जातें. रोग फार विरळा. फिनलंडमध्यें मात्र त्या मानानें अधिक.

१९९६ सालीं फिनलंडमधील संशोधकांनीं तेथील व पोलंडमधील रुग्णांचा अभ्यास करून या रोगाचें मूळ सातव्या गुणसूत्रावरील एका जनुकांत शोधून काढलें. आणि तें जनुक नवें नव्हतेंच. तें आपलें डीआरए!

त्याचें खरें काम देवघेवीचें. त्याच्या आज्ञेनें घडणारें प्रथिन पेशीच्या आवरणांत बसतें, आंतड्यांतील क्लोराइड आंत घेतें आणि मोबदल्यांत बायकार्बोनेट बाहेर टाकतें. हा हमाल कामावर नसला कीं क्लोराइड आंतड्यांतच राहतें, त्याच्यासंगें पाणीहि अडकतें, आणि बाहेर न पडलेलें बायकार्बोनेट रक्तांत सांचून रक्त अल्कधर्मी बनतें. पन्नास वर्षांचें कोडें असें उकललें.

मग कर्करोगाचें काय? आंतड्याच्या अस्तरांत सूक्ष्म खळगे असतात. त्यांच्या तळाशीं नव्या पेशी जन्मतात, वर सरकतां सरकतां प्रौढ होतात आणि साधारणतः चार-पांच दिवसांत गळून पडतात. डीआरएचें काम चालतें तें वरच्या प्रौढ पेशींत. गांठींतील पेशी नीट प्रौढच होत नाहींत. माझें आयुष्य शाळेंत गेलें, म्हणून दाखलाहि शाळेचाच देतों. ज्या शाळेंत मुलें चौथीपुढें जातच नाहींत, तेथें मॅट्रिक झालेला एकहि आढळणार नाहीं. पण मॅट्रिक नाहीं म्हणून शाळा बिघडली, असें कोणी म्हणेल काय?

तथापि एवढ्यावर निकाल देणें घाईचें होईल. २००६ सालीं, हें जनुक निकामी केलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना क्लोराइडाचे जुलाब झालेच, शिवाय त्यांच्या मोठ्या आंतड्यांत पेशींची उत्पत्तीहि वाढलेली आढळली. त्याच सातव्या गुणसूत्रावर सीएफटीआर नांवाचें दुसरें जनुक १९८९ सालीं सांपडलें. तें म्हणजे क्लोराइडाचें पेशीबाहेर जाण्याचें दार. तें बिघडलें कीं सिस्टिक फायब्रोसिस होतो. या रोगाचीं मुलें पूर्वीं लहानपणींच दगावत. उपचार सुधारले, तीं प्रौढ वयापर्यंत जगूं लागलीं, आणि मग ध्यानांत आलें कीं मोठ्या आंतड्याचा कर्करोग त्यांच्यांत इतरांहून अधिक होतो. २०१८ सालीं अमेरिकेंत अशांची तपासणी चाळिसाव्या वर्षींच सुरू करावी, असा सल्ला देण्यांत आला. तेव्हां मिठाची ने-आण आणि पेशींची शिस्त यांचा कांहीं संबंध असावा, हें मला पटतें. पण डीआरएला ‘कर्करोगरोधक’ ही पदवी बहाल करण्यास माझें मन अजून धजत नाहीं.

त्याला आतां क्षारवाहकांच्या कुळांतील रीतसर नांवहि मिळालें आहे: एसएलसी २६ ए ३. प्रयोगशाळांत मात्र पाळण्यांतलें नांवच अजून चालतें.

त्या जन्मजात जुलाबांवरील उपाय मात्र साधा आहे. सोडियम व पोटॅशियम क्लोराइड पाण्यांत विरघळवून रोज, आजन्म पाजावयाचें. त्यानें जुलाब थांबत नाहींत. पण मूल वाढतें, आणि इतर मुलांबरोबर शाळेंत जातें.