वाट बदलणारा प्रकाश

रेल्वेच्या जंक्शनवर सांधेवाल्याचे काम मोठ्या जबाबदारीचे असते. रूळ कितीही भक्कम असले आणि इंजिन कितीही वेगवान असले, तरी सांधा वेळेवर बदलला नाही तर गाडी इष्ट स्थळी पोहोचत नाही. प्रकाशाच्या साहाय्याने चालणाऱ्या संदेशवहनाचा इतिहासही काहीसा असाच आहे. रूळ आधी तयार झाले, सांधे मागाहून आले. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हे सांधे, म्हणजे गरजेप्रमाणे आपली रचना बदलू शकणारी प्रकाशीय साधने, हा आहे.

रुळांची कथा थोडक्यात सांगता येईल. १९६६ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी असे प्रतिपादन केले की, काचेतील अशुद्ध द्रव्ये दूर केल्यास तंतूमधील प्रकाशाचा ऱ्हास दर किलोमीटरला २० डेसिबेलांच्या खाली आणता येईल. म्हणजे किलोमीटरभर प्रवासानंतर मूळ प्रकाशाचा शंभरावा हिस्सा शिल्लक राहिला, तरी संदेशवहनास तो पुरेसा होता. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी असा तंतू प्रत्यक्ष बनवला. भारतात दूरध्वनी केंद्रांना जोडणारी पहिली प्रकाशतंतू यंत्रणा १९७९ साली पुण्यात सुरू झाली. आजच्या चांगल्या तंतूत किलोमीटरमागे जेमतेम साडेचार टक्के प्रकाश नाहीसा होतो. शिवाय एकाच तंतूतून निरनिराळ्या तरंगलांबींचे अनेक प्रकाशप्रवाह एकमेकांत न मिसळता जाऊ शकतात.

अडचण उभी राहिली ती जंक्शनवर. प्रकाशाला दिशा द्यायची तर पूर्वी त्याचे विद्युत्संकेतांत रूपांतर करावे लागे, ते संकेत योग्य मार्गावर धाडावे लागत आणि तेथे त्यांपासून पुन्हा प्रकाश निर्माण करावा लागे. मीटरगेजच्या गाडीतील सारा माल उतरवून ब्रॉडगेजच्या गाडीत चढवावा, तसाच हा प्रकार होता. प्रत्येक तरंगलांबीसाठी वेगळी सामग्री लागे, वीज खर्च होई आणि वेळही जाई. स्थिर गाळण्या वापरून हे रूपांतर टाळता येत असे, परंतु मग मार्ग बदलण्यासाठी तंत्रज्ञाला त्या केंद्रावर जाऊन जोडण्या बदलाव्या लागत.

यावर पहिला उपाय आरशांचा. सिलिकॉनवर कोरलेले सूक्ष्म आरसे विजेच्या दाबाने किंचित कलतात आणि प्रकाशकिरण एका तंतूतून दुसऱ्यात वळवतात. १९९९ साली अमेरिकेतील ल्युसेंट कंपनीने असे २५६ आरसे असलेले यंत्र जाहीर केले. परंतु २००१ च्या सुमारास दूरसंचार व्यवसायात मोठी मंदी आली आणि पुढच्याच वर्षी ते यंत्र मागे घेण्यात आले. कल्पना चुकीची नव्हती, तिला काळ अनुकूल नव्हता. पुढे गूगल कंपनीने आपल्या विशाल संगणककेंद्रांत आरशांचेच स्विच वापरले आणि त्यांची माहिती २०२२ साली प्रसिद्ध केली.

दुसरा उपाय द्रवस्फटिकांचा. येथे तंतूतील प्रकाश आधी त्याच्या तरंगलांबींत पसरवला जातो. मग द्रवस्फटिकाच्या पडद्यावरील सूक्ष्म चौकटींना कमीअधिक विद्युत्दाब देऊन प्रत्येक तरंगलांबी हव्या त्या तंतूकडे वळवली जाते. कोठे खोदकामात केबल तुटली, तर दूरच्या नियंत्रणकक्षातून दिलेल्या आज्ञेने प्रकाशाला दुसरी वाट देता येते. बँकेचा व्यवहार किंवा रुग्णालयाचा निरोप खोळंबून राहू नये, यासाठी या सांध्यांचे मोल मोठे आहे.

तिसरा उपाय उष्णतेचा. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाची वाट कोरून तिचे दोन फाटे करतात व पुढे ते पुन्हा जोडतात. तापमान वाढले की सिलिकॉनचा वक्रीभवनांक किंचित वाढतो. एका फाट्याचा केवळ दशांश मिलिमीटर भाग सुमारे ४० अंश सेल्सिअसने तापवला, तर त्यातील तरंग दुसऱ्या फाट्यातील तरंगापेक्षा अर्ध्या तरंगलांबीने मागे पडतो. मग व्यतिकरणामुळे प्रकाश एका दाराऐवजी दुसऱ्या दाराने बाहेर पडतो. तापमान मधले ठेवले, तर तो दोन्ही दारांत हव्या त्या प्रमाणात विभागला जातो.

असे अनेक सांधे जाळ्यासारखे जोडले की एकच चकती अनेक कामे करू लागते. स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या संशोधकांनी २०१७ साली सात षट्कोनी घरांच्या जाळ्यातून वीसहून अधिक कार्ये करून दाखवली. तीच चकती आज्ञा बदलताच कधी गाळणी होई, तर कधी विलंबमार्ग. संकेतसंस्करणाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण प्रत्येक कामासाठी नवी चकती घडवणे खर्चाचे आणि वेळखाऊ असते.

मात्र या लवचीकपणाचे मोल मोजावे लागते. प्रत्येक सांध्यापाशी थोडा प्रकाश वाया जातो. तापक सतत वीज खातात आणि एकाची उष्णता शेजाऱ्याचा हिशेब बिघडवते. २०१७ सालीच अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या गटाने ५६ सांध्यांच्या चकतीकडून बोललेले स्वर ओळखवून घेतले. तिची अचूकता ७६.७ टक्के भरली, तर नेहमीच्या संगणकाची ९१.७ टक्के होती. पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकड्यांत वापरतात तसे पदार्थ घेतले, तर सांधा एकदा बदलल्यावर वीज न खाता त्याच स्थितीत राहतो. या दिशेने आता प्रयत्न चालू आहेत. मद्रास येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतही अशा आज्ञाधारक प्रकाशीय मंडलांसाठी स्वतंत्र केंद्र आहे.

तेव्हा प्रकाश विजेची जागा घेईल काय, हा प्रश्न तितकासा योग्य नाही. हिशेब अचूक करणे आणि स्मरणात ठेवणे यांत वीज सरस आहे, तर दूर जाणे आणि एकाच वेळी अनेक प्रवाह वाहून नेणे यांत प्रकाश सरस आहे. ही साधने दोघांच्या सीमेवर उभी आहेत. आज्ञा विजेची, धाव प्रकाशाची. गाडी धावत असते तेव्हा प्रवाशाला सांधेवाला दिसत नाही; परंतु प्रवास सुखरूप होतो तो त्याच्या दक्षतेमुळेच.