घरचे दप्तर आणि संगणक



वार्षिक व्याख्यानमालेत कवी, संत, नाटककार यांच्याविषयी बोलण्याची आपली रीत आहे. त्या मालेत मी संगणक कसा मांडावा आणि कसा लावून ठेवावा यावर बोलणार म्हटल्यावर एका ज्येष्ठ स्नेह्यांनी विचारले, "हे काम दुकानदाराचे नाही का?" मशीन विकणे हे दुकानदाराचे काम खरेच. पण त्यात आपल्या घरातले काय ठेवायचे, ते कोणत्या नावाने ठेवायचे आणि पन्नास वर्षांनी ते वाचता येईल की नाही, हे प्रश्न दुकानदाराचे नाहीत. ते तुमचे आणि माझे आहेत. हे मी किंमत मोजून शिकलो, म्हणून आधी ती गोष्ट सांगतो.

माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर आठवणी लिहिल्या. आजोबा गायकवाडी नोकरीत करजणला कसे आले, घर कुठे घेतले, संस्थान विलीन झाले तेव्हा मंडळी काय बोलत होती, अशी अकरा प्रकरणे. १९९७ साली आम्ही ती टाइप करून घेतली. छापील प्रत घरी आली, फ्लॉप्या आल्या, आणि "आता कॉम्प्युटरमध्ये आलंय ना" म्हणून हस्तलिखिताच्या वह्या मीच पस्तीवाल्याला दिल्या. पुढे घरी संगणक आला, तेव्हा फ्लॉप्यांतला मजकूर त्यात उतरवला. दोन फ्लॉप्यांवर एकाच नावाची फाइल होती. संगणकाने विचारले, याच नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? मी 'हो'ची कळ दाबली.

२०१४ साली अमेरिकेतल्या पुतणीने त्या आठवणी मागितल्या. फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची नुसती भेळ. छापील प्रतीचा मागचा अर्धा भाग वाळवीने खाल्लेला. शेवटी छापखान्यात काम केलेल्या एका माणसाने उरलेल्या पानांवरचे अक्षराचे वळण पाहून फाँट ओळखला, तो मिळवून दिला आणि मजकूर उघडला. दहा प्रकरणे सापडली. नववे नव्हते. त्यात आजीचे लग्न होऊन या गावात येणे होते. ती हकीकत ठाऊक असलेले आता कुणी उरलेले नाही.

यात दोष यंत्राचा नव्हता. संगणकाने मला विचारले होते.

आता ही भेळ का झाली ते समजून घेऊ, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी अशा फाइली असतील. संगणकाला अक्षर दिसत नाही, त्याला आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक आकडा दिलेला असतो. त्या काळच्या पुष्कळशा मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्याच आकड्यांवर देवनागरी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. तो फाँट असलेल्या संगणकावर मराठी दिसे, नसलेल्यावर खालचे इंग्रजी उघडे पडे. त्यातही प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. प्रमाण ठरवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली 'इस्की' हे प्रमाण जाहीर केले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि जगभरच्या लिप्यांना एकाच तक्त्यात कायमच्या जागा मिळू लागल्या. देवनागरीला त्यात १२८ घरे आहेत. विंडोजमध्ये आपल्या लिप्यांची सोय २००० सालच्या आवृत्तीपासून आली. म्हणजे आमचे टंकलेखन तीन वर्षे आधीचे.

तुम्हां-आम्हां गुजरातेत राहणाऱ्यांना आवडेल अशी एक गोष्ट या तक्त्यात आहे. गुजराती लिपीलाही १२८ घरे आहेत, आणि देवनागरीच्या तक्त्यात 'क' ज्या घरात बसला आहे, गुजराती तक्त्यात गुजराती 'क' बरोबर त्याच क्रमांकाच्या घरात आहे. आपण अंगणात एक भाषा बोलतो आणि माजघरात दुसरी. संगणकात दोघींचा संसार एकाच पद्धतीने मांडलेला आहे. मोडी लिपीलाही २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली.

म्हणून नवा संगणक घरी आला की पहिले काम मराठी कळफलक चालू करण्याचे. विंडोजमध्ये सेटिंग्जमध्ये जा, 'वेळ आणि भाषा' या भागात मराठी जोडा. मग विंडोजची कळ दाबून ठेवून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवण्याची सोय आहे, पण मी तुम्हाला इन्स्क्रिप्ट शिका असे सुचवीन. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. 'क'ची कळ शिफ्टसह दाबली की 'ख', 'ग'ची दाबली की 'घ', 'त'ची दाबली की 'थ'. लहानपणी पाठ केलेली वर्णमाला इथे कामी येते. शिवाय तोच कळफलक गुजरातीलाही चालतो, बोटे नव्याने शिकवावी लागत नाहीत. रोज अर्धा तास बसलात तर महिन्याभरात पत्र लिहू लागाल. 'ऱ' मात्र आवर्जून शिका. 'आचार्यांना जेवायला बोलावले' आणि 'आचाऱ्यांना जेवायला बोलावले' यांत पंगतीचा फरक पडतो.

आता यंत्राकडे वळू. संगणक घेताना दोन आकडे कानांवर पडतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक रॅमचा, दुसरा साठवणीचा. रॅम म्हणजे लिहिण्याचे मेज. मेज मोठे असले तर चार वह्या एकदम उघडून बसता येते, पण वीज गेली की मेजावरचे सगळे पुसले जाते. साठवण म्हणजे कपाट. 'सेव्ह' करणे म्हणजे मेजावरचा कागद कपाटात ठेवणे. उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात आपल्याकडची वीज कशी वागते ते तुम्ही जाणता, तेव्हा मेजावर चालणाऱ्या संगणकाला यूपीएस घ्या. तो काही मिनिटेच चालतो, पण ती मिनिटे कागद कपाटात ठेवून रीतसर बंद करण्यासाठी पुरतात.

कपाटाला 'सी ड्राइव्ह' का म्हणतात असे माझ्या नातवाने विचारले होते. सुरुवातीच्या पर्सनल संगणकांत ए आणि बी ही नावे फ्लॉपीच्या खणांना दिलेली होती. हार्ड डिस्क नंतर आली आणि तिच्या वाट्याला सी आले. फ्लॉप्या गेल्या, नाव राहिले. या सी खणात यंत्राची आपली सामग्री असते. दुरुस्तीवाला "फॉरमॅट करावं लागेल" म्हणतो तेव्हा बहुधा हाच खण धुतला जातो, आणि 'डॉक्युमेंट्स'मध्ये किंवा पडद्यावर ठेवलेले आपले कागद सहसा तिथेच असतात. तेव्हा यंत्र दुरुस्तीला देण्यापूर्वी आपले कागद बाहेर काढून घ्या. पाहुणे येणार म्हणून दागिने कपाटात ठेवता ना, तसेच.

यानंतर मुख्य विषय, लावून ठेवण्याचा. ही विद्या आपल्याला परकी नाही. आपल्यातल्या कितीकांचे पूर्वज दप्तरांत बसत. पेशवे दप्तराचे कागद रुमालांत बांधलेले असत आणि रुमालाला क्रमांक असे. कागद आला की बारनिशीत नोंद होई. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बडोद्यास आणले, वर्गीकरण बसवून घेतले, आणि खेड्यांना पुस्तकांच्या पेट्या धाडणारी फिरती वाचनालये चालवली. पुस्तक पेटीतून गावोगाव फिरून परत जागेवर येत असे, कारण त्याला जागा ठरवून दिलेली होती. आपला फोल्डर म्हणजे रुमाल, दुसरे काही नाही.

तुमच्या घरासाठी पाच रुमाल पुरे आहेत: घर व जमीन, पैसा, प्रकृती, छायाचित्रे, आणि लेखन व पत्रे. कमी असलेले बरे, म्हणजे कागद कुठे ठेवावा असा प्रश्न पडत नाही. प्रत्येकात हवे तर वर्षावार उपरुमाल करा. पडद्यावर, म्हणजे डेस्कटॉपवर, काही ठेवू नका. ओसरीवर टाकलेली वस्तू सर्वांच्या पायात येते आणि हवी तेव्हा सापडत नाही.

फाइलीला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग विषय लिहा. आपण बोलताना दिवस आधी सांगतो, पण संगणक डावीकडून लावत जातो. दिवस आधी लिहिलात तर १४ मार्च १९९८ आणि १४ जून २०११ शेजारी येतील आणि तुमचा इतिहास विस्कटेल. महिना एक आकडी असेल तर पुढे शून्य द्या. आकडे मराठी लिहा की इंग्रजी, कोणतेही एकच धरा. आणि 'नवीन', 'फायनल', 'फायनल २' ही नावे कधीही देऊ नका. माझी आजी याच नावांच्या गर्दीत हरवली.

जुने कागद स्कॅन करायचे असतील तर साध्या पत्राला इंचाला ३०० ठिपके पुरतात, लहान छायाचित्राला ६०० ठेवा. ३०० ठिपक्यांनी घेतलेले ए-४ पान साधारण ८७ लाख ठिपक्यांचे होते. जेपेग स्वरूपात ते दोन एमबीच्या आसपास बसले असे धरले, तर पाचशे पाने एका जीबीत मावतात. म्हणजे खापरपणजोबांची सारी पत्रे अंगठ्याएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये राहतील आणि वर जागा उरेल. मात्र मूळ कागद ठेवा. स्कॅन ही नक्कल आहे. पस्तीवाल्याला बोलावू नका.

नकलांचा नियम जगभर एकच सांगितला जातो: प्रती तीन, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक मुलीकडे किंवा इंटरनेटवरच्या साठवणीत. सी आणि डी असे दोन खण केले म्हणजे दोन प्रती झाल्या असे समजू नका. बहुतेक वेळा ते एकाच डिस्कचे दोन भाग असतात, आणि डिस्क गेली की दोन्ही जातात. महिन्यातून एक दिवस ठरवा. आमच्याकडे संकष्टीला प्रत काढतात. चंद्रोदयाची वाट पाहायचीच असते.

पासवर्डही एका कागदावर लिहून, पाकिटात घालून, मृत्युपत्राशेजारी ठेवा आणि घरात एका माणसाला सांगून ठेवा. बोलायला अवघड वाटते, पण कुलूप उघडता आले नाही तर नीट लावलेले दप्तरही वारसांना मिळत नाही.

शेवटी आपल्या गावची एक गोष्ट. मियागाम ते डभोई ही देशातली पहिली नॅरोगेज. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत १८६२ साली ती सुरू झाली, तेव्हा डबे बैल ओढत होते. इंजिने आणली गेली, पण रूळ हलके, त्यांना भार पेलेना. १८७३च्या सुमारास भक्कम रूळ बसले तेव्हा कुठे इंजिने नियमित धावू लागली. आपण मुलांकडून जोरदार यंत्र मागवतो आणि त्याच्याखालचे रूळ, म्हणजे कळफलक, नावे, रुमाल आणि प्रती, तसेच हलके ठेवतो. मग यंत्र कितीही महाग असले तरी काम बैलाच्याच चालीने होते.

माझी एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर कपाटातली, बासनातली किंवा जुन्या फ्लॉपीतली एक गोष्ट काढा. ती मराठीत टाइप करा किंवा स्कॅन करा, तिला तारखेसह नाव द्या आणि तीन ठिकाणी ठेवा. घरात ऐंशीच्या पुढचे कुणी असेल तर आधी त्यांच्याजवळ बसा. मी त्या नवव्या प्रकरणाचे जेवढे आठवते तेवढे आता पुन्हा लिहितो आहे. दीड पान झाले आहे. मूळ बावीस पानांचे होते.